दक्षिण ग्रीनलंडमध्ये आम्ही नक्की काय शोधतो

वाईहून आईचा फोन आला की जेवणखाण, थंडी, तब्येत असं सगळं विचारून झाल्यावर एक प्रश्न ठरलेला असतो. "मग, सापडलं का गं काही?" ग्रीनलंड रोज बातम्यांत यायला लागल्यापासून मावश्या, काका, शाळेतल्या मैत्रिणी सगळे हेच विचारतात. बर्फाखाली रेअर अर्थचा (चुंबकं, मोटरी यांना लागणाऱ्या काही धातूंचा) खजिना आहे आणि आम्ही भूवैज्ञानिक तो उकरून काढतोय, असं चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असतं. फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, आम्ही काम करतो तिथे बर्फ नाही. ग्रीनलंडचा सुमारे ८० टक्के भाग हिमस्तराखाली आहे हे खरं, पण कडेकडेने उघड्या खडकाची पट्टी आहे. दक्षिणेला नार्साक आणि काकोर्तोक या गावांच्या आसपास ती चांगली रुंद आहे. उन्हाळ्यात तिथे गवत वाढतं, मेंढ्या चरतात, बटाटे लावतात. नकाशावर हा भाग आर्क्टिक वृत्ताच्या बराच खाली, ६१ अंशांच्या आसपास येतो, पण हवामान आणि कारभार दोन्ही दृष्टींनी तो आर्क्टिकच धरला जातो. आजवर आम्ही नार्सार्सुआकच्या विमानतळावर उतरत आलो (दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेला हा तळ आहे) आणि पुढे बोट किंवा हेलिकॉप्टर. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ताच नाही. टुनुल्लिआर्फिक फियोर्डमधून जाताना हिमनग चुकवत जावं लागतं आणि बोटवाला सबंध वाट पाण्यावरची नजर काढत नाही.

दुसरी गोष्ट, हे साठे आम्ही शोधलेले नाहीत. कार्ल लुडविग गीझेके नावाचा जर्मन गृहस्थ, मूळचा नाटकातला नट, १८०६ मध्ये खनिजं गोळा करायला ग्रीनलंडला आला. युरोपात युद्ध चालू असल्याने तो इथेच अडकला आणि १८१३ पर्यंत राहिला. त्याने पाठवलेली खनिजांची एक खेप समुद्रात पकडली गेली आणि लिलावात विकली गेली. एडिनबरोच्या थॉमस ॲलन यांनी ती घेतली. त्यातल्या एका काळ्या खनिजाला १८१० मध्ये ॲलनाइट हे नाव मिळालं, आणि त्यात सेरियम होतं. म्हणजे ग्रीनलंडच्या दगडात रेअर अर्थ मूलद्रव्यं आहेत हे पेशवाई बुडण्याच्या आधीपासून लोकांना ठाऊक आहे. सोडालाइट आणि युडियालाइट ही खनिजंही शास्त्राला पहिल्यांदा कळली ती गीझेकेच्याच नमुन्यांतून, आणि ती आली होती आम्ही आज फिरतो त्याच डोंगरांतून.

या डोंगरांचं भूशास्त्रीय नाव इलिमाउसाक संकुल. साधारण १७ किलोमीटर लांब, ८ किलोमीटर रुंद, वय सुमारे ११६ कोटी वर्षं. सोडियम भरपूर आणि सिलिका त्या मानाने कमी असलेला शिलारस इथे जमिनीखाली हळूहळू थिजला. नेहमीच्या खनिजांच्या स्फटिकांत जी मूलद्रव्यं बसत नाहीत, ती शेवटपर्यंत रसातच उरत गेली: झिर्कोनियम, नायोबियम, युरेनियम, थोरियम, लिथियम, फ्लोरिन आणि सगळी रेअर अर्थ. शेवटी जो रस थिजला त्यात ती दाटून आली. दोनशेहून जास्त खनिजं या एका संकुलात नोंदली गेली आहेत.

त्यातलं एक मी कधी विसरणार नाही. इथे नाउयाइट नावाचा खडक आहे, त्यात सोडालाइटचे दाणे खच्चून भरलेले असतात. बाहेरून पाहिलं तर करडा-हिरवट, मळकट दगड. हातोडा मारून फोडला की आतला ताजा पृष्ठभाग जांभळट गुलाबी दिसतो, आणि बघता बघता, उजेड लागताच, तो रंग उडून जातो. फोटो काढायला मोबाइल काढावा तर दगड पुन्हा फिकट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एकामागून एक ढेकळं फोडत सुटले होते, आणि सोबतचे डॅनिश सहकारी न बोलता बाजूला उभे राहून मला वेळ देत होते. टुग्टुपाइट हे दुसरं. ते उलटं वागतं, अंधारात फिकं पडतं आणि उन्हात ठेवलं की पुन्हा गुलाबी होतं. ऑगस्टअखेर रात्री पुरेशा काळ्या व्हायला लागल्या की आम्ही अतिनील दिवा घेऊन तळाच्या मागच्या दगडांवर फिरतो. सोडालाइट नारिंगी पेटतो, टुग्टुपाइट लालभडक.

माझं रोजचं काम मात्र काकोर्टोकाइटवर. कांगेर्लुआर्सुक फियोर्डच्या काठाला या खडकाचे उभे कडे आहेत आणि त्यावर लांबून दिसतील असे पट्टे: काळा, लाल, पांढरा, पुन्हा काळा, लाल, पांढरा. असे २९ संच मोजलेले आहेत. एका ठळक संचाला शून्य धरून खाली उणे ११ आणि वर अधिक १७ असे क्रमांक दिलेत. मी सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढले, पट्ट्यापट्ट्यांचे डोंगर मला नवे नाहीत. पण आपल्याकडे प्रत्येक पट्टा म्हणजे लाव्ह्याचा वेगळा लोट, एकावर एक पसरलेला. इथे जमिनीखालच्या एकाच कोठीत स्फटिक वेगवेगळे होऊन थर झाले. काळा थर आर्फव्हेडसोनाइटचा, पांढरा फेल्डस्पारचा आणि लाल थर युडियालाइटचा, डाळिंबाच्या दाण्यांसारखा. नेमके हे थर कसे झाले यावर भूवैज्ञानिक अजून भांडतात.

आम्हाला हवा आहे तो लाल थर. युडियालाइट मुख्यतः झिर्कोनियमचं खनिज, पण त्यात रेअर अर्थही असतात, आणि त्यात जड, म्हणजे जास्त अणुभाराच्या, मूलद्रव्यांचा वाटा चांगला असतो. डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही त्यातली कळीची. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटरमधलं चुंबक निओडिमियमचं असतं, पण मोटर तापली तरी त्याची ताकद टिकावी म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम घालावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, त्यात ही दोन्ही होती, आणि चुंबकांअभावी आपल्याकडच्या वाहन कारखान्यांचीही झोप उडाली. माझा मामेभाऊ चाकणला नोकरी करतो. मी नक्की काय करते हे त्याने त्या महिन्यात पहिल्यांदा नीट विचारलं.

आता मुद्द्याचं. बातमीत नेहमी टन आणि टक्के असतात. इतके कोटी टन, इतके टक्के. मला यातून फारसं काही कळत नाही. रेअर अर्थच्या बाबतीत पहिला प्रश्न किती टक्के हा नाहीच, कुठल्या खनिजात हा आहे. दक्षिण चीनमधल्या चिकणमातीत रेअर अर्थचं प्रमाण बहुधा ०.१ टक्क्याच्या आगेमागे असतं. तरीही जगाची जड रेअर अर्थ वर्षानुवर्षं तिथूनच आली, कारण ती मूलद्रव्यं मातीच्या कणांना नुसती चिकटलेली असतात आणि अमोनियम सल्फेटच्या पाण्याने सुटी होतात. (त्यापायी तिथल्या टेकड्यांची आणि ओढ्यांची जी नासाडी झाली ती वेगळीच.) उलट आमचं युडियालाइट. आम्लात विरघळतं चटकन, पण त्यातली सिलिका बाहेर पडून जेल होते, गाळण्या बुजतात आणि सगळं काम ठप्प. यावर उपाय प्रयोगशाळांत निघालेत, पण व्यापारी प्रमाणावर युडियालाइटमधून रेअर अर्थ काढणारा कारखाना अजून जगात उभा राहिलेला नाही. आजवर जगाची गरज भागली ती मुख्यतः बास्टनेसाइट, मोनाझाइट, झेनोटाइम आणि ही चिकणमाती यांच्यावर. रशियाच्या कोला द्वीपकल्पात लोव्होझेरोला लोपाराइट हे रेअर अर्थचं खनिज काढतात, तो आर्क्टिकमधला चालू खाणीचा खरा दाखला.

म्हणून आमचं शोधकाम म्हणजे कुदळ घेऊन हिंडणं नव्हे. ड्रिलमधून निघालेला कोअर, म्हणजे खडकाची लांब गोल कांडी, लाकडी खोक्यांत ओळीने रचून येतो, मधे खोलीचे ठोकळे. मी तो पाण्याने ओला करते, कारण कोरड्या कोअरवर रंग आणि दाणे नीट दिसत नाहीत, आणि हातभिंग घेऊन वरून खाली वाचत जाते. कुठे थर बदलला, युडियालाइट ताजं आहे की त्याचा चुरा होऊन त्याजागी दुसरीच बारीक खनिजं झालीत. हातातल्या एक्सआरएफ यंत्राला (ते क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखतं) लँथेनम, सेरियम, इट्रियम दिसतं, पण डिस्प्रोसियमसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. इट्रियम वाढलं की जड मंडळी वाढली असावीत असा अंदाज तेवढा बांधता येतो. गॅमा स्पेक्ट्रोमीटर युरेनियम आणि थोरियम सांगतो. मग कोअर उभा अर्धा कापायचा, अर्धा प्रयोगशाळेला, अर्धा खोक्यात कायमचा. पाठवताना मधेमधे प्रमाणित नमुने आणि कोरे नमुने घालायचे, म्हणजे प्रयोगशाळेचे आकडे भरवशाचे आहेत का ते कळतं. आणि नमुना नुसत्या आम्लात विरघळवून भागत नाही. काही हट्टी खनिजं तशीच राहतात आणि आकडा कमी येतो, म्हणून तो आधी फ्लक्सबरोबर, म्हणजे खडक वितळायला मदत करणाऱ्या भुकटीबरोबर, वितळवून घ्यावा लागतो.

हे सगळं वाऱ्याच्या मर्जीने. हिमस्तरावरून फ्योन, म्हणजे उतारावरून खाली येणारा कोरडा जोरदार वारा, सुटला की तंबूच्या दोऱ्या धरून बसायचं. वारा पडला की डास आणि काळ्या माश्या, जाळीची टोपी घातल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. समुद्रावरून धुकं आलं की हेलिकॉप्टर येत नाही, आणि मग ताज्या भाज्याही येत नाहीत.

फियोर्डांच्या पलीकडे, नार्साकच्या पाठीशी दुसरा साठा आहे, कुआनेर्सुइट. डॅनिश भाषेत क्वानेफ्येल्ड. कागदावर तो भारी दिसतो. कंपनीने जाहीर केलेला अंदाज सुमारे एक अब्ज टन खडक, सरासरी १.१ टक्के रेअर अर्थ ऑक्साइड. पण खनिज कुठलं? स्टीनस्ट्रुपाइन. त्याच्या स्फटिकातच युरेनियम आणि थोरियम बसलेले असतात. एक हवं आणि दुसरं नको असं खाणीत निवडता येत नाही. खरं तर डेन्मार्कने १९५० च्या दशकात तिथे पहिली भोकं पाडली ती युरेनियमसाठीच. नील्स बोर स्वतः १९५७ मध्ये नार्साकला येऊन गेले. १९७९-८० मध्ये डोंगरात जवळजवळ एक किलोमीटरचा बोगदा खणून खडक चाचणीसाठी डेन्मार्कला नेला. मग १९८५ मध्ये डेन्मार्कने अणुवीज नको असं ठरवलं आणि प्रकल्प थंडावला. रेअर अर्थमुळे तो या शतकात पुन्हा वर आला. युरेनियमवरची बंदी ग्रीनलंडच्या संसदेने २०१३ मध्ये १५ विरुद्ध १४ अशी एका मताने उठवली. एप्रिल २०२१ ची निवडणूक मोठ्या प्रमाणात याच डोंगरावर लढली गेली, खाणीला विरोध करणारा पक्ष पहिला आला आणि त्या वर्षअखेर कायदा झाला: खडकात युरेनियम दशलक्षात १०० भागांहून जास्त असेल तर शोधही घेता येणार नाही.

ऑगस्टमध्ये नार्साकच्या एका घरी नातीच्या शाळेचा पहिला दिवस म्हणून काफेमिक होतं. दाराशी बूट काढून आत जायचं, कॉफी आणि केक घ्यायचा, खुर्ची पुढच्या पाहुण्याला मोकळी करून द्यायची. मी भूवैज्ञानिक आहे कळल्यावर आजींनी सापडलं का असं विचारलं नाही. "कुठल्या डोंगरावर?" एवढंच विचारलं. मी कांगेर्लुआर्सुकचं नाव घेतल्यावर त्यांनी कॉफी ओतली. मग नातवाकरवी सांगितलं की त्यांच्या भावाची मेंढरं उन्हाळाभर डोंगरावर मोकळी असतात, सप्टेंबरात गोळा करून गावातल्याच कत्तलखान्यात आणतात. कुआनेर्सुइट गावापासून आठेक किलोमीटर. "मांस घेणाऱ्याने युरेनियमचं नाव ऐकलं तर तो पुन्हा येईल का?" त्यांना धुळीची काळजी होती आणि टासेक तळ्याचीही, कारण खाणीचा गाळ त्या तळ्यात साठवायचा बेत होता आणि तळं गावाच्या वरच्या अंगाला आहे. त्या खडकात व्हिलिओमाइट नावाचं फ्लोराइड आहे, पाण्यात चक्क विरघळतं. त्यांची काळजी खनिजशास्त्राला धरूनच होती.

माझ्या व्यवसायातल्या अनेकांना १०० भागांची ही मर्यादा जाचक वाटते. मला ती बरोबर वाटते. आपल्याकडेही केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं मोनाझाइट थोरियममुळेच अणुऊर्जेच्या नियमांखाली आहे, कोणीही उठून फावडं मारू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. रेअर अर्थबरोबर खडक आणखी काय देतो हे त्याच्या शेजारी राहणाऱ्यांना आधी कळलं पाहिजे आणि नाही म्हणण्याचा हक्क त्यांचा असला पाहिजे. काकोर्टोकाइटमध्ये युरेनियम खूपच कमी आहे, म्हणून तिथे आमचं काम चालू शकतं. पण तिथेही फियोर्ड आहे, मासेमारी आहे, आणि तोच प्रश्न आम्हाला विचारला गेला पाहिजे.

यंदाचे नमुने शेवटच्या बोटीने निघाले. हिवाळाभर मी पातळ कापलेले छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसणार आहे. काही थरांत युडियालाइट मोडून कॅटाप्लेआइट हे दुसरं खनिज झालंय आणि रेअर अर्थ त्यातून निघून अगदी बारीक, वेगळ्याच कणांत गेलेत. असा भाग किती आहे ते मोजायचंय, कारण तो खडक दळायची आणि विरघळवायची पद्धत पूर्ण वेगळी लागेल. आईला मी यावेळी सांगितलं की सापडलेलं आहे, दोनशे वर्षांपूर्वीच, आता ते बाहेर काढता येतं का ते बघतेय. ती म्हणाली, "मग हे आधीच सांगायचंस ना." आणि जेवलीस का ते पुन्हा विचारलं.