काकवी, जू आणि इंग्रजी शब्द

"सर, इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या तर किती शब्द पाठ करू?" परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता एकानं विचारलं. तुम्हीही बऱ्याच जणांनी विचारलंत, म्हणून लिहितोय.

पाठ मीही केले होते. रोज वीस, ए पासून. डी पर्यंत पोचलो तोवर ए पुसून गेला होता. पुढचं अंदाजानं. 'नॉइसम' म्हणजे गोंगाटाचा, असं धरून एका मुलाखतीत आमच्या गल्लीला ठसक्यात नॉइसम म्हणालो. त्याचा अर्थ घाण वास मारणारी. समोरचे हसले, मला कारण कळलं घरी आल्यावर.

आता 'ट्रीकल' बघा. डिकन्सच्या 'निकोलस निकलबी'त एक भयंकर बोर्डिंग आहे. तिथली मालकीणबाई सकाळी लाकडी चमच्यानं पोरांना 'ब्रिमस्टोन अँड ट्रीकल' पाजते. औषध म्हणून, आणि भूक मेली की खाण्याचा खर्च वाचतो म्हणूनही. डिक्शनरीत ट्रीकलपुढे साखर शुद्ध करताना उरणारा दाट पाक, असं काहीसं होतं. डोळ्यांपुढे काही येईना. मग गुऱ्हाळ आठवलं. काहिलीतली गरम काकवी, भाकरीवर ओतताना न तुटणारी तिची तार, नंतर चिकट झालेली बोटं. ट्रीकल काकवीची सख्खी नसेल, पण चुलत बहीण नक्कीच. आणि ब्रिमस्टोन म्हणजे गंधक. काकवीत गंधक! तोंड वाकडं झालं आणि दोन्ही शब्द कायमचे बसले.

त्यामुळं यादी सोडा, एक लेखक धरा. त्याचे ठरावीक शब्द फिरून फिरून येतात. पहिल्यांदा अडलात तर पुढं जा, तिसऱ्यांदा अडलात की डिक्शनरी उघडा. पेन्सिलीची खूण स्वतःच्या पुस्तकात. करवीर नगर वाचन मंदिराच्या पुस्तकात नको, मागच्यानं केलेल्या खुणांनी डोकं उठतं.

शब्दाचं मूळही बघत चला, कधी कधी ते आपल्याच शेतात निघतं. बैलांच्या मानेवरचं जू, संस्कृतातलं युग, लॅटिनमधलं युगुम, इंग्रजीतलं योक, सगळी एकाच मुळाची. 'सब्जुगेट' करणं म्हणजे जुवाखाली आणणं. 'कॉन्जुगल' म्हणजे नवरा-बायकोचं, एका जुवाला जुंपलेल्यांचं. हे मोठ्या उत्साहानं बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ओढतंय कोण, तेवढं पण लिहा."