लार्कस्पर, कुंडी क्रमांक ४ : अंडपी एकच!

अखेर उलगडा झाला. मुलुंडच्या गॅलरीत, फेब्रुवारीत, निळंशार फूल! ऑक्टोबरची पेरणी उकाड्याने पूर्ण वाया गेली, मग ओल्या वाळूत कालवलेलं बी दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं, हे मागे लिहिलंच आहे. त्यातली पाच रोपं तगली.

प्रश्न होता नावाचा: बहुवर्षायू डेल्फिनियम, की त्याच्यासारखीच दिसणारी, एका वर्षात संपणारी लार्कस्पर? पाकिटावर ‘डेल्फिनियम, बहुवर्षायू’ छापलंय. पानं मात्र बडीशेपेच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली, त्यामुळे मला पहिल्यापासून शंका. पानांवरून भांडण मिटत नाही, फूल उघडून बघावंच लागतं.

आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती पाच निळी निदलं (कळी झाकणारी बाहेरची दलं). वरच्या निदलाचीच मागे शेपटी होते आणि त्या शेपटीच्या आत खऱ्या पाकळीची शेपटी दडलेली असते. बहुवर्षायू डेल्फिनियमला आत चार सुट्या पाकळ्या, मध्यभागी सहसा तीन अंडपी (ज्यांच्या पुढे बियांच्या शेंगा होतात, ते फुलाचे स्त्री-भाग). लार्कस्परला पाकळ्या जुळून एकच झालेली, अंडपीही एकच. वाचायला सोपं! पहिलं फूल चिमट्याने फाटलं. दुसऱ्यात पुंकेसरांच्या गर्दीत मला दोन अंडपी दिसल्या, रात्रभर झोप नाही. तिसरं सकाळी सातला खुडलं, चिमटा ठेवून शिवणाची सुई घेतली, पुंकेसर एकेक करून काढले. दहापट भिंगाखाली उरली एकच अंडपी, हिरवी, अंगभर मऊ लव. लार्कस्परच्याच रेगालिस या दुसऱ्या जातीची गुळगुळीत असते, म्हणजे तीही बाद. शेपटी उभी चिरली तर आत मधाचा थेंब चमकत होता. (मोबाइलला लावायच्या भिंगावर पैसे घालवू नका, साधं घड्याळजींचं भिंग उत्तम.)

तर ही लार्कस्परची अजॅसिस ही जात, वर्षायू. लेबलवर ‘कन्सोलिडा’ हे लार्कस्परच्या गटाचं शास्त्रीय नाव लिहायला पेन उचललं आणि थांबले. २०११च्या डीएनए अभ्यासात कन्सोलिडा ही डेल्फिनियमच्याच आतली शाखा ठरली. म्हणजे पाकिटावरचं ‘डेल्फिनियम’ बरोबर, ‘बहुवर्षायू’ तेवढं चूक! विक्रेत्याला कळवलंय, उत्तर नाही.

फाटलेल्या पाकळ्या चुरगाळून लिंबू पिळलं, रस गुलाबी झाला. ते अँथोसायनिन हे रंगद्रव्य, विषाचा त्याच्याशी संबंध नाही. विष डायटर्पेनॉइड अल्कलॉइड या वनस्पतीतल्या कडू रसायनांचं. त्यातलं मिथाइललायकॅकोनिटिन स्नायूंवरचे अ‍ॅसिटिलकोलीनचे (मज्जातंतूंचा निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाचे) ग्राही अडवतं, स्नायू लुळे पडतात, शेवटी श्वास थांबतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांत रानटी लार्कस्पर खाऊन गुरं मरतात, मेंढ्या बऱ्याच तग धरतात. बचनागही याच मोरवेल कुळातला, पण त्याचं अ‍ॅकोनिटिन हे विष पेशींवरची सोडियमची दारं उघडी ठेवतं. घरी अल्कलॉइड वेगळं काढायचा बेत होता, तो रद्द. बी सर्वांत विषारी, आणि माझा भाचा चार वर्षांचा आहे. फ्रिजमधली वाळूची डबी आईने मोहरी समजून उघडली होती, तेव्हापासून बियांचा डबा कुलपात. शेंगा पिकून फुटायच्या आतच कापणार.

आता कॉफीच्या गाळणकागदावर रंगद्रव्यं वेगळी करून बघते. नाही, त्याआधी दुसरंच सुचतंय: आपल्या सह्याद्रीतली निळवंती, डेल्फिनियम मलबारिकम. पावसाळा सरताना भिंग घेऊन पुरंदरला जायचं, फूल न खुडता, आहे तिथेच वाकून अंडपी मोजायच्या. कोण येतंय?