चटणी, ठिपके आणि तुलनेचा तक्ता

माझ्या जुन्या लॅपटॉपची उजवी बिजागरी गेल्या पावसाळ्यात तुटली आणि पुढचे तीन आठवडे मी त्याचा पडदा एका जाडजूड शब्दकोशाला टेकवून काम केले. भाषांतर आणि मुद्रितशोधन हाच व्यवसाय असल्यामुळे कोशाचा असाही उपयोग होतो याचे मला समाधानच वाटत होते. पण एका दुपारी शब्दाचे लिंग तपासण्यासाठी अनवधानाने तोच कोश उचलला, पडदा मागच्या मागे कोसळला, आणि नवा लॅपटॉप घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्याच सुमारास आईच्या मोबाइलची बॅटरी फुगून त्याचे मागचे झाकण कडेने उचलले गेले होते. घरात एकाच वेळी दोन यंत्रांची खरेदी होणार ही बातमी माझ्या दादाला आणि अभियांत्रिकीला असलेल्या त्याच्या मुलाला कळली, आणि पुढच्या रविवारी पोह्यांच्या बशा रिकाम्या होण्याआधीच वादाला तोंड फुटले.

दादा ॲपलचा निष्ठावंत आहे आणि त्याचा मुलगा अँड्रॉइड व विंडोज यांचा. बापलेकांचे राजकारणावर, क्रिकेटवर आणि सुट्टीत कुठे जायचे यावर एकमत असते. त्यामुळे मतभेदाची जी काही हौस असते ती या एकाच विषयावर भागवली जाते. पुतण्याने येतानाच तुलनेचा एक तक्ता करून आणला होता. उभ्या रकान्यांत आठ लॅपटॉप होते आणि आडव्या ओळींत प्रोसेसर, रॅम, साठवण, पडदा, वजन, बॅटरी वगैरे बाबी होत्या. प्रत्येक बाबीला तिच्या महत्त्वानुसार गुण दिलेले होते. पत्रिका जुळवताना छत्तीस गुण आठ कूटांत असेच वाटलेले असतात, वर्णाला एक आणि नाडीला आठ. या तक्त्यातले नाडीचे स्थान बॅटरीला मिळालेले दिसत होते.

बॅटरीवरच पहिला अर्धा तास गेला. मोबाइलच्या खोक्यावर 5000 असा भरघोस आकडा असतो आणि लॅपटॉपच्या खोक्यावर 50 किंवा 60 असा किरकोळ आकडा असतो, हे काय गौडबंगाल आहे, असे मी विचारले. मोबाइलवाले मिलीअँपिअर-तास छापतात आणि लॅपटॉपवाले वॅट-तास, हे पुतण्याने समजावून सांगितले. मोबाइलच्या 5000 मिलीअँपिअर-तासांना त्याच्या बॅटरीच्या साधारण 3.85 व्होल्टने गुणले की सुमारे 19 वॅट-तास निघतात, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीच्या जेमतेम तिसरा हिस्सा. लॅपटॉपमध्ये अनेक सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने तिथले व्होल्टेज प्रत्येक यंत्रात वेगळे असते, म्हणून नुसत्या मिलीअँपिअर-तासांनी काहीच कळत नाही. हे ऐकताना मला शेरा-पायलीच्या मापांचा काळ आठवला, कारण तेव्हाही गावागणिक पायली बदलत असे आणि सौदा करणाऱ्याला ती आधी विचारून घ्यावी लागत असे.

मापांचा घोळ तेवढ्यावर थांबत नाही. 512 जीबी म्हणून घेतलेला डिस्क ड्राइव्ह विंडोजमध्ये 476 जीबीचा दिसतो, हा पुतण्याच्या पक्षाचा दुखरा भाग आहे आणि दादाने त्यावर नेमके बोट ठेवले. ‘आमच्याकडे पुरते 512 दिसतात,’ असे तो म्हणाला. वास्तविक दोन्हीकडे जागा तेवढीच असते. ड्राइव्ह तयार करणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या पटीत मोजते आणि तरीही पुढे जीबी हीच अक्षरे लिहिते. ॲपलने 2009 पासून मॅकवर हजाराचे माप धरले, म्हणून तिथे खोक्यावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळतो. पुतण्याने हे सगळे सांगितले खरे, परंतु घरगुती वादात ज्याला खुलासा करावा लागतो तो हरलेलाच असतो. कॅमेऱ्याचा विषय मात्र लवकर आटोपला. 2012 मध्येच नोकियाच्या एका फोनला 41 मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, आणि आजचे 48 मेगापिक्सेलवाले फोन सहसा चार-चार पिक्सेल एकत्र करून 12 मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतात, हे दोघांनाही मान्य होते. शिवाय आई मुख्यतः विजेच्या बिलाचे आणि तुळशीला आलेल्या मंजिऱ्यांचे फोटो काढते.

आईचा विषय निघाल्यावर वादाची पातळी बदलली, कारण तोपर्यंत दोघांनीही तिला काही विचारले नव्हते. तिच्या मागण्या दोनच निघाल्या, आणि त्यांपैकी एकही तक्त्यात नव्हती. पहिली मागणी विजेरीची होती, आणि ती दोन बोटांनी पडदा ओढून, चित्र शोधून लावायची नको होती. तिच्या मनातला आदर्श म्हणजे 2003 मध्ये आलेला नोकिया 1100. त्या फोनच्या डोक्यावर विजेरी होती, बटणांवर धूळ आत जाऊ न देणारे रबरी आवरण होते आणि बॅटरी दिवसचे दिवस उतरत नसे. जगात त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग विकले गेले, ते उगाच नव्हे.

दुसरी मागणी हेडफोनच्या गोल छिद्राची होती. हे छिद्र ॲपलने 2016 मध्ये आयफोन 7 मधून काढून टाकले आणि त्या निर्णयाचे वर्णन करताना कंपनीचे फिल शिलर यांनी ‘धैर्य’ हा शब्द वापरला होता; दादा अजूनही तो शब्द गांभीर्याने घेतो. आत जागा मोकळी होते, पाणी शिरायची एक वाट बंद होते, वायरींचा गुंता संपतो, अशी त्याची बाजू आहे आणि ती खोटी नाही. पण आईला त्या छिद्रातून गाणी ऐकायचीच नाहीत, तिला सकाळी आकाशवाणी ऐकायची असते. मोबाइलमधल्या एफएम रेडिओला हेडफोनची वायरच एरियलचे काम देते. छिद्र गेले की वायर जाते आणि वायर गेली की रेडिओही मुका होतो. इंटरनेटवर आकाशवाणी ऐकता येते हे पुतण्याने तिला लगेच लावून दाखवले. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘अरे, पण त्यात घड्याळ मागे पडतं.’ ती बातम्यांच्या ठोक्यावर भिंतीवरचे घड्याळ लावते, आणि इंटरनेटवरचा आवाज कित्येक सेकंद उशिरा येतो. या मुद्द्याला आमच्यापैकी कोणापाशीच उत्तर नव्हते.

तिसरी गोष्ट तिने मागितली नव्हती, ती आम्हीच पाहिली. फोनचे कुलूप उघडण्यासाठी चेहरा बरा की बोट बरे, यावर बापलेकांची जुंपली होती. दादाचे म्हणणे, चेहऱ्यासारखे सोपे काही नाही; पुतण्याचे म्हणणे, अंगठा टेकवला की झाले. पुतण्याने स्वतःचा फोन आजीपुढे धरला आणि तिचा ठसा नोंदवायला घेतला. तिने अंगठा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. फोन दर वेळी बोट नीट ठेवा म्हणून सांगत राहिला. तिने अंगठा पदराला पुसला, फुंकर घातली, मग तर्जनी ठेवून पाहिली. साठ वर्षे भांडी घासून, कणीक तिंबून आणि खलबत्त्यात कुटून त्या बोटांवरच्या रेषा इतक्या पुसट झाल्या आहेत की रेशनच्या यंत्रावरही तिला तीन-तीनदा अंगठा द्यावा लागतो. पुतण्या थोडा ओशाळला. मग आपल्या जुन्या फोनवरची एक सोय आठवून त्याने नऊ ठिपक्यांचा चौकोन समोर आणला आणि म्हणाला, ‘आजी, यातले ठिपके हवे तसे जोड, पण लक्षात राहील असं काढ.’

आईने पडद्याकडे एकदा पाहिले आणि बोट न उचलता सात ठिपके जोडून टाकले. दुसऱ्यांदा काढायला सांगितले तेव्हा ती रेघ तंतोतंत तशीच आली. जिने सगळा जन्म अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली तिला तीन बाय तीनचे कसले अप्रूप? चार आकडी पिन दहा हजार प्रकारे होऊ शकतो आणि नऊ ठिपक्यांची रेघ 3,89,112 प्रकारे, असे पुतण्याने सांगितले. बहुतेक लोक इंग्रजी अक्षरे काढून या विपुलतेची माती करतात, हेही त्याने जोडले. आईची रेघ कुठल्याही लिपीतली नव्हती. ठिपक्यांचे हे कुलूप आयफोनला नाही, आणि एवढ्या एका कारणासाठी, प्रोसेसरचा उल्लेखही न होता, दादाचा पक्ष त्या जागेवर पडला. तिच्यासाठी शेवटी मध्यम किमतीचा, गोल छिद्र शाबूत असलेला आणि कडेचे बटण दोनदा दाबले की विजेरी लागेल असा अँड्रॉइड फोन घेतला गेला.

माझ्या लॅपटॉपची गोष्ट मात्र अधिक अवघड होती, कारण माझी मागणी मला धड सांगताच येत नव्हती. ‘आत्या, तू टाइपच तर करणार आहेस,’ असे पुतण्या म्हणाला, आणि त्या ‘च तर’मध्येच खरी अडचण होती. मी मराठी इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या रचनेने लिहिते. 1986 मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही रचना ठरवली आणि 1991 मध्ये ती भारतीय मानकात आली; तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, आणि ‘क’ची कळ मराठीत जी तीच बंगालीत आणि तमिळमध्येही असते. एकदा हात बसला की रोमन अक्षरांतून मराठी लिहिणे म्हणजे डोंगराला वळसा घालून शेजारच्या घरी जाण्यासारखे वाटू लागते. परंतु मराठीला अक्षरे जास्त लागतात, म्हणून इंग्रजीत जिथे अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस आणि तिरकी रेघ असते तिथे इन्स्क्रिप्टमध्ये अनुक्रमे च, ट, ड आणि य बसलेले आहेत. इंग्रजी लिहिणाऱ्याची करंगळी ज्या कळांकडे अधूनमधून फिरकते, त्यांच्यावर माझी करंगळी दिवसभर राबते.

आता लॅपटॉप छोटा आणि देखणा करताना कंपन्या नेमके काय चेपतात? एंटरच्या अलीकडच्या याच कळा. इंग्रजी परीक्षणे लिहिणाऱ्यांना त्याचा त्रास नसल्यामुळे ते त्याविषयी लिहीत नाहीत. मोठा लॅपटॉप घ्यावा तर त्यात उजवीकडे आकड्यांचा वेगळा गठ्ठा असतो आणि त्यापायी अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो. मग पडद्यासमोर सरळ बसले तर हात तिरके आणि हातांसमोर सरळ बसले तर मान तिरकी होते. पाटावर ताटाच्या बाजूला बसून जेवल्यासारखा हा प्रकार आहे.

म्हणून आम्ही पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, गेलो तेव्हा मी तक्ता पुतण्याच्या हाती राहू दिला आणि प्रत्येक लॅपटॉपवर फक्त ‘चटणी’ हा शब्द लिहून पाहिला. यात उजव्या करंगळीला लागोपाठ दोन कळा दाबाव्या लागतात, मग डावा हात ‘ण’ आणि दीर्घ वेलांटी घेतो. कळ अरुंद असेल तर ‘ट’च्या जागी एंटर दाबले जाऊन ‘च’ एकटा वरच्या ओळीत राहतो. दुकानातल्या लॅपटॉपांवर मराठी कळफलक आधी चालू करावा लागत होता आणि ते काम पुतण्या निमूटपणे करत होता. तक्त्यात पहिल्या आलेल्या लॅपटॉपवर माझी चटणी चारदा फुटली. दुकानदाराने बराच वेळ सहन केले आणि शेवटी विचारले, ‘मॅडम, काही खायचा विचार आहे का?’ पाचव्या लॅपटॉपवर शब्द न चुकता तीनदा उमटला. मग मी झाकण मिटले आणि एका बोटाने उघडून पाहिले. खालचा भाग टेबलावरून न उचलता झाकण वर आले, आणि बिजागरी दोन्ही बाजूंना सारख्याच ताकदीने अडत होती. तक्त्यात त्याचा क्रमांक सहावा होता. पुतण्याने एकवार माझ्याकडे पाहिले, पण रॅम पुढे वाढवता येते एवढे समाधान त्याने करून घेतले.

तो लॅपटॉप येऊन आता चार महिने झाले. एकच गोष्ट आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटली: चार्जिंगची जागा त्याला फक्त डावीकडे आहे आणि माझ्या टेबलाजवळचा प्लग उजव्या भिंतीत आहे. वायर मागून वळसा घेऊन येते आणि तिची पिन जिथे बाहेर डोकावते तिथेच माझा चहाचा कप असायचा. पुतण्याला फोनवर हे सांगितले तेव्हा तो कळवळून म्हणाला, ‘आत्या, आधी बोलायचंस ना, एक ओळ वाढवली असती.’ कप आता मी उजवीकडे हलवला आहे, आणि उजवा हात घोट घेण्यात गुंतला की तेवढा वेळ मला नुसत्या मात्रा आणि वेलांट्या देत बसावे लागते.