तात्यांची बोर

गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या आठवड्यात मला तिथे पुन्हा जायचंय. माण तालुका, दहिवडीच्या पुढे, एवढं पुरे.

मी एका संस्थेत पाणलोटाचं काम करते. पूर्वी आम्ही प्रस्तावावर 'पाणलोट विकास' लिहायचो, मग 'जलसंधारण' लिहायला लागलो, आता 'हवामान बदल अनुकूलन' लिहिलं की निधी मिळतो. चर तोच, टिकाव तोच. तसा पाऊस खरंच बदललाय. शाळेतल्या पर्जन्यमापकाची वही माझ्याकडे असते. यंदा जून कोरडा, जुलैत भुरभुर आणि सप्टेंबरात एका रात्रीत 90 मिलिमीटर. वर्षाची बेरीज साडेचारशेच्या पुढे गेली, म्हणून कागदावर सगळं ठीक दिसतं.

असा एका रात्रीचा पाऊस अडवायचा तर चर समपातळीत लागतो. पातळी बघायला तीन काठ्यांची ए-फ्रेम, मधोमध दोरीला बांधलेला दगड. दोरी खुणेवर आली की फक्की टाकायची आणि पुढचं पाऊल. बोटभर चूक झाली तरी पाणी एका टोकाला धावतं आणि तिथून चर फुटतो. मग नसलेला परवडला. आमच्या डोंगरावरचा एकही चर त्या रात्री फुटला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण निम्म्याहून जास्त आखणी तात्यांची.

तात्या म्हणजे साठीतला माणूस. कोरेगाव तालुक्यातलं वेळू 2016 साली वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवण्याच्या स्पर्धेत, पहिलं आलं, तेव्हा यांनी पदरचे पैसे घालून जीप केली आणि पाच जणांना ते गाव दाखवून आणलं. नंतर आमच्याकडे 45 दिवस श्रमदान. एकही खाडा नाही.

पावसाळा सरला की आम्ही पाण्याचा ताळेबंद मांडतो. सकाळी विहिरी मोजायच्या, संध्याकाळी ग्रामसभा. विहिरीच्या कठड्यावर रंगाची खूण असते, तिथून टेपला दगड बांधून सोडायचा. 'डुबुक' ऐकू आलं की आकडा लिहायचा. आक्कांच्या विहिरीला गेल्या ऑक्टोबरात 11 फुटांवर पाणी होतं. यंदा दगड थेट तळाच्या खडकावर वाजला. आक्का कठड्याला टेकून उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसती मान बांधाकडे वळवली.

बांधापलीकडे तात्यांची नवी बोर. 650 फूट. केसिंग, म्हणजे बोरच्या आत बसवायचा पाइप, वरच्या 20 फुटांपुरतं. आणि दोन एकर ऊस.

आमचं मुरवलेलं पाणी राहतं मुरमात आणि मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र खडकात, फार तर वरच्या पन्नासेक फुटांत. खाली काळा पाषाण. केसिंग आखूड ठेवून बोर खाली नेली, की वरचा थर तिच्यात गळायला लागतो. बादलीला भोक पाडल्यासारखं. भूजल कायदा 2009 चा आहे, 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या, पुढच्या विहिरीला त्यात आडकाठी आहे. पण बोरची गाडी येते रात्री अकराला आणि पहाटे निघून जाते. तालुक्याच्या कचेरीत विचारलं तर 'लेखी तक्रार आणा' म्हणतात. तक्रार कोण देणार, आक्का? भावकीतल्या माणसाविरुद्ध?

संध्याकाळी पारावर फळा लावला. हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर, हे आता पोरांनाही पाठ आहे. मग पिकांची मागणी. पाटपाण्यावरच्या एक एकर उसाला साधारण एक कोटी लिटर. शाळू त्याच्या पाचव्या हिश्शात भागतो. आमच्या सिमेंट बंधाऱ्यात एका वेळी 40 लाख लिटर मावतं. दोन एकर उसाला असे पाच बंधारे भरावे लागतात, आणि बंधारा भरतो वर्षात दोनदा. मी कुणाचं नाव घेतलं नाही. गावात ऊस एकाचाच होता.

तात्या उठले. "ताई, चर खांदताना माझं वय कुणी इचारलं न्हाय. माझ्या घामाचं पाणी मी उपसलं, तर त्यात चोरी कुठली?"

मला उत्तर सुचलं नाही. बारा वर्षं मीच सांगत आले, 'गावचं पाणी, गावाचा घाम.' घाम मोजायला आमच्याकडे हजेरीपट होता. उपशाचं वही-पेन कधी काढलंच नाही. निधी देणाऱ्यांनाही किती मुरलं एवढंच हवं असतं; किती उपसलं हा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नाही, आणि आम्हीही कधी मागितला नाही. खोदणाऱ्याचा फोटो बरा येतो.

शेवटी ठराव आला: इथून पुढे गावात नवी बोर नाही. सगळ्यात आधी वर गेलेला हात तात्यांचा होता. कुणीतरी हसलं. आक्कांनी हात वर केला नाही, पदर सावरून घरी गेल्या.

निघताना तात्यांनी गाडीपर्यंत येऊन दोन पेंड्या मेथी दिली. मी घेतली. नको म्हणणं जमलं नाही, आणि मेथी कुठल्या पाण्यावरची हेही विचारलं नाही.

आता वार्षिक अहवाल भरतेय. 'हवामान अनुकूलनाचे लाभार्थी शेतकरी' या यादीत तात्या सातव्या ओळीत आहेत आणि आक्का आठव्या. यादी गेल्या वर्षीची, तेव्हा दोन्ही नावं खरी होती. साहेब म्हणतात, आकडा कमी करू नकोस, पुढचा हप्ता अडकेल. तीन दिवस फाईल उघडी आहे, आठवी ओळ अजून तशीच आहे.