उंच जिप्सीचं रीपासिंग: माझा अनुभव

माझ्या मारुती जिप्सीचं पंधरा वर्षांनंतरचं रीपासिंग, म्हणजे आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण, एकदाचं झालं. काम झालं तरी तिथल्या निरीक्षकाच्या "उंच दिसते" या दोन शब्दांचा राग काही उतरत नाही, म्हणून लिहायला बसलोय. २०१०-११ साली घेतलेल्या जिप्सींची पंधरा वर्षं आता भरत आली आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या कुणी ना कुणी उंच करून घेतलेल्या आहेत. त्या सगळ्यांना हा खड्डा लागणार आहे.

माझी जिप्सी किंग आहे, सॉफ्ट टॉप. घाटमाथ्यावर आमचं शेत आहे आणि शेवटचा तुकडा ओढ्यातून जातो, त्यामुळे फोर व्हील ड्राइव्हशिवाय पावसाळ्यात तिकडे पोचता येत नाही. मी गाडी घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने ती उंच केलेली होती. चारही पाट्यांना (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगना) लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारा झुलता दुवा), २३५/७५ आर १५ चे टायर, पुढे जाड लोखंडी बंपर, वर दिव्यांची पट्टी.

ऑनलाइन अर्ज, फॉर्म २५, फी, अपॉइंटमेंट यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. फी मात्र लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात. गाडी वीस वर्षांच्या पुढची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. आपल्याकडे त्यावर पर्यावरण कर वेगळा. अर्ज मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आत करता येतो आणि तो पहिल्याच आठवड्यात करा. मुदत उलटली की खासगी चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये उशिराचा दंड बसतो, पण खरी अडचण पैशांची नाही. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढता येत नाही, आणि नापास झालेली गाडी दुरुस्त करून परत दाखवायला न्यायची तर ती रस्त्यावरूनच न्यावी लागते.

पहिल्या वेळी गाडी आहे तशीच नेली. एजंट म्हणाला होता, "बघू, होऊन जाईल." झालं नाही. निरीक्षक साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मडगार्डच्या बाहेर आलेल्या टायरवर बूट टेकवला आणि म्हणाले, "हे सगळं काढून आणा." त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे. कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. लोखंडी बंपरवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली. नियम योग्यच आहे. उंच गाडी वळणावर कलंडते आणि तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

तर सगळं काढायचं ठरवलं. मूळ शॅकल शोधणं हेच मोठं काम निघालं. जुन्या बाजारात मिळाले ते गंजून भोकं मोठी झालेले. शेवटी सैन्याच्या लिलावातल्या जिप्सी घेऊन त्यांचे भाग विकणाऱ्या एका दुकानात चारही पाट्यांचे चांगले शॅकल मिळाले, त्यांचे रबरी बुशही तिथेच. टायर २०५/७० आर १५ चे नवेच घेतले. इथे हिशेब सांगतो, कारण गॅरेजमध्ये यावर भलतंच ऐकायला मिळतं. मूळ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर, २३५/७५ चा ७३३. म्हणजे टायर बदलल्याने गाडी फक्त ३३ मिलिमीटर उचलली जाते, कारण जमिनीपासून ॲक्सलपर्यंत अर्धाच व्यास असतो. पण स्पीडोमीटर दहा टक्के खोटं बोलायला लागतं. काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते. शॅकलचंही तसंच. शॅकल दोन इंच लांब केला की गाडी साधारण एकच इंच वर जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवर पक्कं असतं आणि ॲक्सल मधोमध.

बंपर मूळचा बसवला, दिव्यांची पट्टी काढली, तिची भोकं रबरी बुचांनी बंद केली. हे केल्यावर मी निर्धास्त होतो.

दुसऱ्या वेळी निरीक्षक वेगळे होते. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, हॉर्न, वायपर, काच, सगळं बरोबर. मग चार पावलं मागे जाऊन म्हणाले, "अजून उंच दिसते."

मी म्हटलं, "साहेब, शॅकल मूळचे आहेत, टायर मूळ साइझचे आहेत. बघा ना खाली वाकून."

"ते मला माहीत नाही. उंच दिसते."

"किती असायला हवी?"

याला उत्तर नव्हतं. आणि इथेच सगळं अडकलं. आरसीवर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, असतो (जिप्सीचा २३७५ मिलिमीटर), रिकाम्या गाडीचं वजन असतं, आसनं असतात, इंजिनाची क्षमता असते. उंचीचा रकानाच नसतो. म्हणजे गाडी कशाच्या तुलनेत उंच आहे, हे त्या कार्यालयातल्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. जिप्सी मुळातच उंच गाडी आहे. आजूबाजूला उभ्या असलेल्या हॅचबॅकच्या रांगेत ती उंचच दिसणार. रोज तपासायला येणाऱ्या शंभर गाड्यांत जिप्सी क्वचितच येते, हे मला मान्य आहे. पण माझी गाडी नापास करायची तर मापाने करा, नजरेने नको.

"कंपनीचं पत्र आणा," असं सांगून त्यांनी पुढच्या गाडीकडे मोर्चा वळवला.

जिप्सीचं उत्पादन बंद होऊन आता वर्षं झाली. एका वर्कशॉपच्या काउंटरवर विचारलं तर असं एका गाडीपुरतं पत्र आम्ही देत नाही म्हणाले. इकडे मुदतीची तारीख जवळ येत होती. एजंटने सुचवलं की पाटे ठोकून थोडे सपाट करून घ्या, गाडी बसेल. मी साफ नकार दिला. चांगली कमान असलेले पाटे एका माणसाच्या अंदाजासाठी ठोकून सपाट करायचे आणि मग आयुष्यभर खड्ड्यात ॲक्सल रबरावर आपटत ऐकायचा, हे मला जमणार नव्हतं. तुम्हालाही कुणी सांगितलं तर करू नका. ठोकलेला पाटा लवकर तुटतो.

पुढच्या खेपेला मी ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाखाली किती जागा आहे त्याचा, आकडा घेऊन गेलो. २१० मिलिमीटर, सगळीकडे सापडतो. मोजून दाखवला, बरोबर आला. साहेब म्हणाले याने काही सिद्ध होत नाही. आणि यात मात्र ते बरोबर होते! जिप्सीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आहे. सगळ्यात खालचा भाग म्हणजे डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गिअरचा गोळा), तो ॲक्सलबरोबरच असतो. शॅकल कितीही लांब लावा, डिफरन्शियलखालची जागा बदलत नाही, ती फक्त टायरने बदलते. उंच केलेली आणि मूळची जिप्सी या मापात सारखीच निघेल. त्यामुळे २१० चा कागद घेऊन जाऊ नका, वेळ जाईल. लागतो तो जमिनीपासून हुडच्या (कापडी छताच्या) माथ्यापर्यंतच्या एकूण उंचीचा आकडा.

तो आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो, शेवटच्या पानांवर, तपशिलाच्या तक्त्यात. सॉफ्ट टॉप आणि हार्ड टॉपची उंची वेगळी दिलेली असते, आपली ओळ पेनाने अधोरेखित करून ठेवा. माझ्या गाडीबरोबर पुस्तिका आलीच नव्हती. एका जिप्सीवाल्या मित्राकडे मूळ पुस्तिका होती. झेरॉक्स चालेल का असं विचारत बसू नका, मूळ पुस्तिकाच हातात घेऊन जा, झेरॉक्स अर्जाला जोडायला वेगळी ठेवा.

घरी टेप लावला तर गाडी खरंच पुस्तिकेपेक्षा थोडी वर निघाली. माझ्या पोटात गोळा आला. मिस्त्रीला बोलावलं. त्याने गाडीखाली जाऊन पाहिलं आणि लगेच म्हणाला, "दादा, बोल्ट हवेत आवळलेत." शॅकलचे बोल्ट आवळताना गाडी जॅकवर होती, चाकं लटकत होती. तशात आवळलं की रबरी बुश त्याच स्थितीत घट्ट धरून बसतात आणि गाडी खाली उतरवल्यावरही पाट्याला पूर्ण बसू देत नाहीत. त्याने गाडी चाकांवर उभी केली, सगळे बोल्ट ढिले केले, आम्ही दोघांनी बंपरवर उभं राहून गाडी हलवली, मग वजन चाकांवर असतानाच परत आवळले. गाडी चांगली बोटभर खाली आली. पाटे खोलून बसवले की सगळ्यांनी हे करावं. पासिंगचा प्रश्न नसला तरी बुश जास्त टिकतात.

आता टेप पुस्तिकेच्या आकड्याला येऊन टेकला. त्या दिवशी गॅरेजमध्ये मी सगळ्यांना चहा पाजला.

तरीही साहेबांसमोर जायच्या आधी मी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते काम झालं ते यानेच. वरच्या अधिकाऱ्यांच्या नावे साधा एक पानी अर्ज लिहिला: वाहन क्रमांक, कोणते भाग मूळ बसवले, टायरची साइझ, पुस्तिकेतली उंची, आणि 'तरी माझ्या समक्ष गाडीची उंची मोजून लेखी शेरा द्यावा ही विनंती.' आवक विभागात देऊन पोच घेतली. भांडायचा सूर ठेवला नाही. लेखी शेरा मागितला की "दिसते" हा शब्द कुणाला लिहिता येत नाही, आकडाच लिहावा लागतो.

मोजायची वेळ आली तेव्हा गाडी तपासणीच्या मैदानात उभी होती. ते मैदान एका बाजूला उतरतं. डाव्या बाजूने एक माप, उजवीकडून दुसरं. साहेब परत "बघा" म्हणणार एवढ्यात मी विनंती केली की तिकडच्या काँक्रीटवर घेऊ या. त्यांनी घेतली. टायरमध्ये हवा किती आहे तेही आधी पंपावर बघून आलो होतो. हुडच्या कमानी नीट ताणलेल्या होत्या, कापड फुगलं तरी मापात फरक पडतो. साहेबांनी स्वतः टेप धरला, मी वरचं टोक. माप पुस्तिकेच्या आत आलं. त्यांनी पुस्तिकेचं पान पाहिलं, परत टेप पाहिला, आणि काही न बोलता सही केली. मला खूप हलकं वाटलं, आणि अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू. एकही पाटा न ठोकता, कुणालाही वरचे पैसे न देता गाडी पास झाली.

चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप लागतो, हे वर सांगायचं राहिलं. जुन्या जिप्सीला तो भाग चिखल आणि गंजाखाली गेलेला असतो. आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने हळू घासून, गंज सुटायचं तेल लावून पुसून ठेवा. ग्राइंडर अजिबात लावू नका. नंबरवर ग्राइंडरची खूण दिसली तर उंचीपेक्षा मोठं प्रकरण उभं राहील. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाट्याही आधीच बसवून घ्या, त्याशिवाय पुढची कामं अडतात.

विमा कंपनीलाही कळवा की गाडी आता मूळ स्वरूपात आहे. न नोंदवलेल्या बदलांवरून क्लेम नाकारला गेल्याचं मी ओळखीच्या माणसाच्या बाबतीत पाहिलंय. मी ते लांब शॅकल भंगारात दिले आणि २३५ चे टायर विकून टाकले. शेताच्या ओढ्यातून गाडी मूळ टायरवरही जाते, लो फोरमध्ये (फोर व्हील ड्राइव्हच्या कमी वेगाच्या गिअरमध्ये), सावकाश.

नवं आरसी कार्ड पोस्टाने येतं. अर्जातला पत्ता आणि मोबाइल नंबर सुरुवातीलाच तपासा, कारण ओटीपी जुन्या मालकाच्या नंबरवर गेला तर तिथूनच पहिली अडचण सुरू होते. पोस्टमन आला आणि घरी कुणी नसलं तर पाकीट परत कार्यालयात जातं, आणि मग ते आणायला पुन्हा त्याच खिडकीसमोर उभं राहावं लागतं. नवी मुदत पाच वर्षांची आहे. पुस्तिकेचं ते पान मी लॅमिनेट करून गाडीच्या कागदांमध्ये ठेवलंय.