कोंब बघ आधी

२०२१चा मार्च. शिडी लावून चढले, अंगणातल्या क्वीन पामची मधली, न उघडलेली पात दोन बोटांत धरली आणि जराशी ओढली. काही जोर न लावता ती सुळकन हातात आली. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, आणि डब्यात आठवडाभर विसरलेल्या भाजीसारखा वास. खाली नवरा शिडी धरून उभा होता. त्याने वर न बघताच विचारलं, "गेलं ना?"

आम्ही टेक्सासात, ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो. माझं माहेर गुहागरकडचं, त्यामुळे घर घेतल्यावर पहिला हट्ट काय, तर दारात माड हवा. माड इथे जगत नाही एवढं कळत होतं. पण नर्सरीत क्वीन पाम दिसला. तशाच पिसासारख्या झावळ्या, वाऱ्यावर तसाच डोलणारा. २०१८ साली दोन आणले. खुंटीला अडकवलेल्या पट्टीवर 'झोन ९' (हिवाळ्यातल्या थंडीनुसार आखलेला पट्टा, आकडा जितका मोठा तितका उबदार) लिहिलेलं होतं आणि आमचा भाग तेव्हाच्या नकाशावर ८-बी. विकणारा म्हणाला, "दक्षिणेच्या भिंतीला लावा, काही होत नाही." दोन हिवाळे खरंच काही झालं नाही.

मग २०२१चा फेब्रुवारी आला. हवामानाचा अंदाज बघून मी तयारी केली होती. मुळांना भरपूर पाणी दिलं, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर घातला, शेंडा झावळ्यांसकट बांधून वर पांढरं दंव-कापड गुंडाळलं आणि आत ख्रिसमसच्या जुन्या पद्धतीच्या काचेच्या दिव्यांची माळ सोडली. हे दिवे तापतात, म्हणूनच कामाचे. एलईडी माळेने झाडाला फक्त शोभा येते. सगळं शास्त्रशुद्ध. आणि नेमकी ऐन थंडीत वीज गेली! पारा उणे १३-१४ सेल्सिअसच्या आसपास, दिवसचे दिवस गोठणबिंदूच्या खाली, अर्ध्या राज्यात अंधार. घरातला नळ फुटेल का, या काळजीत झाडाकडे कोण बघतंय?

बर्फ वितळल्यावर सगळ्या झावळ्या आधी काळपट हिरव्या, मग आठवड्याभरात गवती चहाच्या वाळक्या पातीसारख्या झाल्या. बाबांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी चष्मा पुढे ओढला.

"अगो, पानं कसली दाखवतेस? कोंब बघ आधी. कोंब असला तर झाड आहे."

हे माहीत असूनही विसरले होते. आंब्याची फांदी मेली तर बाजूने फुटवा येतो, माडाच्या जातीला एका खोडाला एकच कोंब. तो गेला की खोड कितीही टणक दिसो, तो नुसता खांब. आमच्याकडे पावसाळ्यात माडाचा कोंब कुजतो तेव्हा बाबा वर माणूस चढवून कुजका भाग खरवडून काढतात आणि बोर्डो, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं मिश्रण, ओततात. म्हणून त्यांचा पुढचा प्रश्न हाच होता, "मोरचूद मिळतं का तिकडे?"

मोरचूद शोधावं लागलं नाही, तांबेयुक्त बुरशीनाशकाची बाटली सहज मिळाली. पात उपटल्यावर जी पोकळी राहते ती कोरडी करायची, कुजकं जेवढं सहज निघेल तेवढं काढायचं, आणि औषध थेट आत सोडायचं. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. त्यानंतर थांबायचं, कारण तांबं जास्त झालं तर उरलेला जिवंत कोंबही होरपळतो. क्वीन पाम दोन्ही गेले ते गेलेच, पण फाटकाशी एक भूमध्य फॅन पाम होता, बुटका, झुडपासारखा. तोही पूर्ण तपकिरी. त्याची पात मात्र ओढली तरी निघाली नाही.

आता खरी परीक्षा धीराची. दारावर करवतवाले फिरत होते, "मेलंय, आजच काढतो, स्वस्तात." शेजारच्या गल्लीतली निम्मी झाडं मार्चमध्येच ट्रकवर गेली. मी वाळकी पानंसुद्धा काढली नव्हती. मार्चच्या मध्यापर्यंत इथे पुन्हा हिमरात्र येऊ शकते, आणि वाळकं पान कोंबावर पांघरुणाचं काम करतं. शिवाय ज्या पानाचा देठ हिरवा आहे ते झाडाला थोडंफार तरी खाऊ घालत असतं. एप्रिलमध्ये फक्त पार वाळलेली तेवढी उतरवली. खत अजिबात घातलं नाही. अन्न मागणारं पानच नाही तर खत कोणाला? मेमध्ये वसाहतीच्या समितीचं पत्र आलं, 'मृत झाड हटवावे'. मी जुलैअखेरपर्यंतची मुदत मागितली. पत्राखाली सही करताना हसू येत होतं, जणू कोणाच्या जामिनावर सही करतेय.

त्याच सुमारास एक युक्ती कळली, ती मला सगळ्यात आवडली. मधली पात आणि तिला लागून असलेला जुना देठ, दोन्हींवर पक्क्या शाईच्या पेनाने एक सलग आडवी रेघ मारायची. रोज शिडीवर चढून 'वाढलं का' म्हणून डोळे फोडायला नकोत. कोंब जिवंत असला तर रेघ तुटते. पहिले काही दिवस रेघ जशीच्या तशी. नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन गेले, तर पातीवरचा तुकडा बोटभर वर सरकलेला! पुढच्या महिन्यात बुडातून दोन पिल्लंही निघाली. पहिली पानं वेडीवाकडी, टोकं जळालेली, कुरतडल्यासारखी. ती तशीच येतात, कोंबात असतानाच त्यांना थंडी लागलेली असते. तिसरं पान धड आलं, तेव्हा पोटॅशियम आणि मॅग्नेशियम असलेलं सावकाश विरघळणारं पामचं खत घातलं.

क्वीन पामच्या दोन खड्ड्यांत काय लावायचं, हे मी या वेळी नर्सरीत नाही, गल्लीत ठरवलं. जुलैभर संध्याकाळी चालायला जाताना कोण जगलंय ते बघायचं. झोनचा आकडा ही वर्षातल्या सर्वांत थंड रात्रींची तीस वर्षांची सरासरी असते, त्या एका काळरात्रीची हमी नव्हे. पुढे २०२३च्या नव्या नकाशात ऑस्टिन ९-एमध्ये गेलं, तेव्हा ओळखीच्या चौघांनी आनंदाने क्वीन पाम आणले. मी गप्प बसले.

गल्लीचा निकाल स्पष्ट होता. उंच मेक्सिकन फॅन पाम बहुतेक गेले. विंडमिल पाम आणि टेक्सास साबल उभे होते. सगळ्यांत चिवट म्हणजे नीडल पाम, पण त्याचे काटे दाभणासारखे आणि घरात तेव्हा तीन वर्षांचा मुलगा.

मोह झाला तो वेगळाच. नर्सरीत 'सिल्व्हेस्टर पाम' म्हणून भला महाग, देखणा वृक्ष होता. जवळ जाऊन बघते तर आपली शिंदी! गावाकडे बांधावर उभी असते, तिला कोणी पैसे देऊन आणत नाही, इथे तिच्या पायाशी दिवे लावतात. पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. पण गल्लीतल्या दोन्ही शिंद्या खांब झाल्या होत्या. सोडली.

शेवटी एक विंडमिल आणला. चीनच्या डोंगराळ भागातला, खोडावर थेट काथ्याचं आवरण. त्याला टेक्सासचं दुपारचं ऊन सोसत नाही, म्हणून पूर्वेला लावला. दुसऱ्या खड्ड्यात साबल. तो याच राज्याच्या दक्षिण टोकाचा, ब्राउन्सव्हिलकडचा. फार हळू वाढतो, खोड दिसायलाच वर्षं लागतात. दोन्ही पुढच्या मेमध्ये लावले, कारण या झाडांची मुळं माती तापल्यावरच धावतात. २०२२च्या डिसेंबरात पुन्हा कडाका पडला. विंडमिलला काहीच झालं नाही, साबलच्या बाहेरच्या पानांची टोकं तेवढी करपली. पेन शोधून दोघांवर रेघ मारली, पण ती आता सवय म्हणून.

बाबा परवाच्या उन्हाळ्यात आले होते. साबलभोवती एक फेरी मारली, पान उलटून बघितलं.

"ह्याला लागतं काय?"

"काळी, छोटी फळं. तीही अजून बऱ्याच वर्षांनी."

"नारळ नाही, सुपारी नाही, ताडीसुद्धा नाही," ते म्हणाले, आणि खाली पडलेलं एक पान उचलून, कडा कातरून, त्याचा पंखा करायला बसले.