एकमेकींना जामीन

माझी आजी लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत खाणावळ चालवीत असे. गिरणीच्या तीन पाळ्या, म्हणून तिच्या चुलीच्याही तीन पाळ्या. पहाटेचे डबे भरून होतात न होतात तोच रात्रपाळीचे गडी जेवायला दारात उभे राहत. कोकणातून आणि घाटावरून आलेले हे कामगार पैसे देत ते पगार झाल्यावर. तोवर तांदूळ, डाळ, रॉकेल सगळे वाण्याकडून उधारीवर, आणि उधारी थकली की भांडी नाहीतर डोरले सावकाराकडे गहाण.

१९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, पण तारण द्यायला काहीच नसलेल्या बाईला कर्ज कोण देणार? गोवा मुक्तिसंग्रामातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, तेव्हा खाणावळवाल्यांचे गट करून त्यांनी तारणाची जागा शेजारणीच्या शब्दाला दिली. गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहत. कोणाचा नवरा पितो, कोणाचे गडी पैसे बुडवतात, कोणाचे मूल आजारी आहे, हे ठाऊक असलेली बाईच गट सांभाळू शकते, आणि माझ्या मते नेतृत्वाची खरी पात्रता हीच आहे. १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या, कित्येक जेवणारे गावी परतले, तेव्हा या नात्याची किती कसोटी लागली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आज आम्ही नऊजणी एका कार्यालयाचे उपाहारगृह चालवतो. सुरुवातीला मी हिशेब माझ्याकडेच ठेवला होता, आणि ती माझी चूक होती, कारण मी दोन दिवस तापाने पडले तर वाण्याला काय सांगायचे हे कोणालाच ठाऊक नसे. आता गल्ला आणि खरेदीची वही दर आठवड्याला हात बदलते. पोळ्या लाटणारी, भाजी चिरणारी, कालवण करणारी, प्रत्येकीची पाळी येते. या आठवड्यात गल्ल्यावर भांडी घासणाऱ्या मावशी आहेत. त्यांना अक्षरे जुळवायला वेळ लागतो, परंतु सोमवारी त्यांनी वाण्याचे बिल बोटाने ओळ धरून वाचले, कोठीतली तूरडाळ पुन्हा वजनकाट्यावर ठेवली आणि कमी भरलेली चार किलो डाळ त्याच दुपारी त्याच्याकडून मागवून घेतली.